गोजराच्या वहाणा

वेळ सकाळची, सूर्य अजून डोंगराआड. दिवस चैत्री पौर्णिमेचा. जागा धारखिंड गावाच्या वरच्या बंगल्यामागची बाग, गारझऱ्याभोवतीचं कुंपण. त्या कुंपणाच्या काथ्याच्या गाठीवर हात ठेवून गोजरा माळीण उभी होती. त्या सकाळी अख्ख्या धारखिंडीत बांधलेली म्हणून तेवढी एकच गाठ उरली होती.

फार फार वर्षं झाली याला. घाटाला तेव्हा फक्त बैलगाडीची वाट होती. वरच्या बंगल्यात एक गोरा साहेब राहायचा. त्याचं नाव गावाला कधी नीट उच्चारता आलं नाही, आणि पुढे विसरायला मुळीच जड गेलं नाही.

या साहेबाने विलायतेहून फुलांचे कांदे मागवले. ट्युलिपचे. भुशाने भरलेल्या पेटीतून ते बोटीने आले, मग गाडीतून घाट चढले. गावाने त्यांचं तुलपी करून टाकलं. बंगल्याच्या खानसाम्याने त्यातले दोन चिरून रश्शात घातले आणि तो दिवसभर परसाकडून परतला नाही, असं म्हणतात.

तुलपीला गारवा लागतो. आणि डोंगरावर खरा गारवा होता तो झऱ्यापाशी. भर वैशाखात त्या पाण्यात बोट बुडवलं तरी हाडापर्यंत कळ जायची. धारखिंडीचं सगळं पिणं त्याच झऱ्यावर. साहेबाने काय करावं? झऱ्याला कुंपण घातलं. गावाला विचारलंसुद्धा नाही. पाणी फुलांचं झालं आणि माणसं घागरी घेऊन दरीत उतरू लागली.

पाटील तुळाजी जाब विचारायला गेला. साहेबाचा कारकून विसाजीपंत व्हरांड्यात आला. म्हणाला, "हुकूम ऐका. चैत्री पौर्णिमेला लाटसाहेब बाग बघायला येणार. झऱ्याकाठचा दुहेरी पाकळ्यांच्या तुलपीचा वाफा तोवर फुलला, तर कुंपण निघेल. नाही फुलला, तर पाणी कमी पडलं असं समजायचं. मग गावाने खाली कोकणात जागा बघायची."

"कमी पडलं? समदं पाणी तर तुम्हीच घेतलंय!"

"ते साहेबांना सांगा."

"मग बोलवा की त्यास्नी."

"साहेब झोपलेत."

दुपार उलटली तरी साहेब झोपलेलेच होते.

तो वाफा होता गोजराच्या हाती. गोजरा विधवा बाई, बंगल्यावर माळीण आणि गावात सुईण. हाताला यश असलेली बाई, म्हणून साहेबाने तिला बागेत ठेवली होती. आता त्या यशाचा तिला धाक वाटू लागला. दिवसभर झऱ्याचं पाणी शिंपायची, पण स्वतः त्यातला घोट घेत नसे. गावाला मिळत नाही ते पाणी तिच्या घशाखाली उतरेना.

महाशिवरात्रीला व्हरांड्यापुढची साधी, एकेरी तुलपी फुलली. शिमग्याला झडलीही. झऱ्याकाठच्या दुहेरी वाफ्यात मात्र नुसती पानं. साहेब आला, बुटाच्या टोकाने पान हलवलं आणि म्हणाला, "मर गया. निकालो."

गोजराच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई सायेब. पोटाशी हायेत. दिस भरलं न्हाईत अजून."

साहेब हसला आणि निघून गेला. गोजराला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. दुहेरी तुलपी तिने जन्मात पाहिली नव्हती. देठ चाचपून पाहिला होता, हाताला काही लागलं नव्हतं. वाफा उपटला की गाव उपटलं, एवढंच तिला कळत होतं, म्हणून ती खोटं बोलली होती. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. पापणी लागली की तिला दिसायचं, आपणच पानं उपटतोय आणि प्रत्येक पानाखालून एकेक घर मुळासकट वर येतंय.

तिची जाऊ चांगुणा दरीतून भरली घागर घेऊन येताना कुंपणापाशी थांबायची.

"काय गं जाऊबाई, कशा हायेत तुझ्या पोटुशी? डोहाळं काय लागल्यात त्यास्नी?"

"गार पाणी," गोजरा मान खाली घालून म्हणायची.

"बरं झालं. आमच्या पोरांनी थुंकी गिळावी मग."



पाडव्यानंतर कळ्या दिसल्या. हिरव्या, घट्ट, मुठी आवळल्यासारख्या. दिसल्या आणि तशाच अडल्या. पौर्णिमा उद्यावर आली तरी एक मूठ उघडेना.

धारखिंडीत बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडायची रीत होती. अंबाडा मोकळा करायचा, बोचकी उलगडायची, कडी काढायची, दारच्या गाईचं दावंसुद्धा सोडायचं. गाठी सुटल्या की बाई सुटते. गोजरा संध्याकाळी चावडीवर गेली आणि म्हणाली, "आज समद्या गावानं गाठी सोडा."

"फुलासाठी?" तुळाजी पाटील म्हणाला. "उद्या भोपळ्याचं बारसं घालशील!"

"घालीन. तुमी आत्या व्हा."

चावडी हसली. गोजरा हसली नाही. ते चांगुणाने पाहिलं. सगळ्यांत आधी तिनेच अंबाडा सोडला. मग घराघरांतून कड्या निघाल्या, बोचकी उलगडली, दावी सुटली.

इथे एक चूक झाली. रीत होती एका घराची, एका गाईची. सगळ्या गावची गुरं एकदम मोकळी झाली तर काय होईल, हे घाईत कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

तर अशी त्या सकाळी गोजरा कुंपणापाशी उभी होती. उरलेली गाठ साहेबाची होती. ती सोडली तर चाबूक. नाही सोडली तर गावाने सोडलेल्या सगळ्या गाठी फुकट. तिने नखं लावली. काथ्या ओला होता. गाठ सुटली, कुंपणाचं फाटक पडलं, आणि मागे घंटा वाजल्या.

गावची तहानलेली गुरं पाण्याच्या वासावर येत होती. "हो! हो!" करत गोजरा वाफ्यापुढे हात पसरून आडवी झाली. कळप तिच्या दोन्ही अंगांनी गेला. झऱ्यावर पोटभर पाणी प्याला आणि वाफ्यामधून परत निघाला. एक पान मोडलं नाही, असं म्हणतात. गुरांचे ऊन उच्छ्वास कळ्यांवर पडले आणि मुठी उघडल्या. पाकळीत पाकळी, तिच्या पोटात आणखी पाकळी. रंग पिंजरीचा, कुंकवासारखा. गोजराने पाहिलं आणि तिला रडू कोसळलं, कारण तिचं खोटं खरं झालं होतं.

उन्हं वर आली तसे लाटसाहेब आले. फुलं पाहून त्यांनी टोपी काढली. साहेबाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, जणू रात्रंदिवस तोच वाफ्याशी बसला होता. तोवर सगळं गाव झऱ्यावर जमलं होतं, ओंजळी भरभरून पीत होतं. लाटसाहेबांची गाडी वळणाआड गेली आणि विसाजीपंत ओरडला, "कुंपण कोणी सोडलं?"

"म्या," गोजरा म्हणाली. "फुललं तर निघंल, म्हनला हुता. फुललं. निघालं."

साहेब आपल्या भाषेत काहीतरी बोलला. विसाजीपंत म्हणाला, "आत ये. बक्षीस द्यायचंय."

गोजराने पुढच्या पायरीवर वहाणा काढल्या. आत जाताना मागे वळून चांगुणाला म्हणाली, "आधी पाणी भरून घ्या गं." दार लागलं. हे मात्र कोणी म्हणत नाही, हे तिच्याबरोबर पायरीपर्यंत आलेल्या सगळ्यांनी पाहिलं.

तिन्हीसांजेला चांगुणाने दार ठोठावलं. विसाजीपंत बाहेर आला.

"गोजरा? ती केव्हाच गेली."

"कुठनं?"

"मागच्या दाराने."

मागच्या दारापुढे सकाळपासून झऱ्यावर बाकीचं सगळं गाव बसलेलं होतं.

ती तुलपीच्या पोटातल्या पाकळीत शिरली, असं म्हणतात. झऱ्याचा गारवा तिचाच, असंही म्हणतात. साहेबाने पुन्हा कुंपण बांधलं, पण संध्याकाळी मारलेली गाठ सकाळी सुटलेली असायची. शेवटी गडी थकले आणि झरा गावाचा झाला. तुलपी पुन्हा उगवली नाही.

म्हणायला काय जातं? धारखिंड आजही चैत्री पौर्णिमेला गुरं मोकळी सोडते. बाया अंबाडा घालत नाहीत. कोणी अडली तर गोजराचं नाव घेऊन झऱ्याचं पाणी पाजतात. आणि सकाळी गाव बंगल्याच्या पुढच्या पायरीवर नव्या वहाणांचा जोड ठेवतं, टोकं बाहेरच्या बाजूला, निघताना तिला पायात सरकवता याव्यात म्हणून. बंगल्याचे मालक बदलत गेले. प्रत्येकाला गावाने विचारलं, आमची बाई कुठे आहे? प्रत्येक जण म्हणाला, ते आमच्या आधीचं.

पुढच्या पायरीवर तिच्या वहाणा होत्या. मागच्या दारापुढे गाव होतं. बंगल्याला तिसरं दार नाही.