मावशीचं वाळवंट

आमच्या शहरात कृष्णेकाठी घाटाला लागून बाग आहे. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. लोक भेळेचे पुडे घेऊन कठड्याशी उभे राहतात आणि पलीकडचं वाळवंट बघतात. पंख वाळवत बसलेले पाणकावळे, एखादा बगळा, आणि वाळूवर जबडा वासून ऊन खात पडलेल्या मगरी. पण इथं मगरीला मगर म्हणत नाहीत. कुणी नवखा ओरडला, "ती बघा मगर!" की बागेचे म्हातारे राखणदार तातोबा भोई त्याला तिथंच अडवतात. "मावशी म्हणा. आणि आधी पोराला कठड्यावरनं खाली घ्या, मग सांगतो का ते."

तातोबा सांगतात ते असं.

फार मागं, घाट बांधायच्याही आधी, या उताराला ठकू नावाची भोईण राहायची. नवरा केरबा नाव चालवायचा, ही जाळं टाकायची. पदरी दोन मुली. थोरली म्हाळू पाच वर्षांची, धाकटी दोन महिन्यांची, अंगावर पिणारी. एका सकाळी ठकू जाळं झटकत होती आणि म्हाळू तिच्यापासून दोन हातांवर, घोट्याएवढ्या पाण्यात मासळी धूत होती. दोनच हात. ठकूनं जाळ्यात अडकलेली एक काटकी काढायला मान वळवली आणि परत बघितलं तर पाणी लाल. पोरीला ओरडायलाही सवड मिळाली नाही, म्हणे.

ठकू रडली नाही. घरातली कुऱ्हाड घेऊन ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली, "या डोहात एक जरी मगर जिती राहिली, तरी मी धाकटीला पदराखाली घेणार न्हाई."

आणि तिनं तसंच केलं. बकऱ्याची आतडी लोखंडी गळाला लावायची, दोर बाभळीला बांधायचा. मगर अडकली की केरबानं दोर ओढायचा आणि हिनं डोक्यात कुऱ्हाड घालायची. पहिली मगर अर्धा दिवस झुंजली. तिच्या शेपटीच्या तडाख्यानं केरबाच्या दोन फासळ्या मोडल्या, तरी ठकूचा हात थांबला नाही. तिसरीचं पोट फाडलं तेव्हा आतून म्हाळूचा चांदीचा वाळा निघाला. केरबानं तो धुतला, कपाळाला लावला.

"घावला गं. आता बास कर."

"वाळा घावला. माझी पोर घावली का?" असं म्हणून ठकूनं पुढचा गळ लावला.

महिन्याभरात सात मगरी पडल्या. काठची वाळू रक्तानं घट्ट झाली, गिधाडं खाऊन खाऊन उडेनात. इकडं धाकटीला बोळ्यानं शेळीचं दूध पाजायचे, ते तिच्या अंगी लागेना. ठकूचं दूध तर कधीच आटलं होतं. जाऊ शेवंता रोज पोरगी मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस ती उसळून बोललीच, "अक्का, एक पोरगी मगरीनं नेली. ही तू नेतीस."

"एकच राहिलीय शेवंते. पलीकडची थोरली मगर. तेवढी एक."

ज्येष्ठाचे दिवस होते. केरबा आता दोर धरायला तयार नव्हता. ठकू एकटीच पलीकडं गेली आणि झुडपाआड बसली. उजाडताना थोरली पाण्याबाहेर आली. तिनं वाळू उकरली, आतून चिवचिवाट उठला, आणि तिनं एकेक पिल्लू जबड्यात घेतलं. मगर आपलीच पिल्लं खाते, असं सगळे भोई तेव्हा म्हणायचे.

"खा, अवदसे. आता ही शेवटची खा," म्हणत ठकूनं झेप घेतली.

पहिल्या घावात मगरीचा डोळा गेला. दुसरा नाकाडावर बसला. तिनं नुसता जबडा मिटला असता तर ठकूचा पाय मांडीपासून तुटला असता, इतकी ती जवळ होती. पण तिनं जबडा मिटला नाही. तिसऱ्या घावाला ठकूनं कुऱ्हाड उचलली आणि तिला आत दिसलं. दातांच्या मधून वीतवीतभर पिल्लं माना काढून बघत होती, आणि आईचं रक्त त्यांच्या अंगावरून ओघळत होतं. मगर तशीच, जबडा उघडा धरून, मागं मागं सरकत पाण्यात गेली. तिथं तिनं पिल्लं अलगद सोडली. आणि परत आली. कुऱ्हाडीच्या टप्प्यातून, एका डोळ्यानं, उरलेली न्यायला.

ठकू बाजूला झाली.

तेवढ्यात तिची चोळी भिजली. तिला वाटलं, आपल्यालाच लागलं, रक्त आलं. हात लावून बघितला तर हात पांढरा. पान्हा फुटला होता.

"तुझी तुला," ती मगरीला म्हणाली, "माझी मला." कुऱ्हाड तिनं डोहात टाकली आणि नाव वल्हवत घर गाठलं.

शेवंता दारातच होती. "आलीस? बघ, रडायचंबी विसरली ही."

ठकूनं पोरगी छातीशी धरली. पोरगी तोंड लावेना. ठकूनं दुधाचे थेंब तिच्या ओठावर पिळले, गालावर चापट मारली, नावानं हाका मारल्या. मग कधीतरी, बऱ्याच वेळानं, तिनं ओढून घेतलं.

तातोबा म्हणतात, आम्ही सगळे त्या धाकटीचे वंशज; आणि जिला बघून ठकूला पान्हा फुटला, ती धाकटीला आईच्या बहिणीसारखी, म्हणून मावशी.

आजही ज्येष्ठात पलीकडच्या वाळूला कुणी नाव लावत नाही. आणि आजही जिला दूध येत नाही अशा बाळंतिणीला सासू घाटावर आणते, वरच्या कोरड्या पायरीवर वाळवंटाकडं तोंड करून बसवते. दूध उतरलं की बाई तिथंच बाळाला पाजते, पण पाजताना समोरच्या मावशीवरून नजर काढत नाही. ते मात्र कुणाला शिकवावं लागत नाही.