पोटातला कागद

लॅपटॉप नुकते आले होते आणि बॅगा अजून बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका दुकानात तुकतुकीत चामडी बॅग ऐटीत फुगून बसायची. मालकाने तिच्या पोटात रद्दी कागद कोंबला होता. शेजारची निळी कापडी बॅग मात्र रिकामीच होती.

"तुझं तर पोट पाठीला लागलंय! तुला कोण नेणार?" चामडी हसायची. गिऱ्हाईकही खरंच निळीकडे बघत नसे.

एकदा गावोगावचे पूल तपासत फिरणाऱ्या मृण्मयीताई आल्या. चामडी आणखीच फुगली.

"काका, आधी आतला कागद काढा," ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आत सरकवला आणि बॅग हळूच जमिनीवर टेकवली. ठक्‌! तळाला नुसतं पातळ अस्तर होतं.

"रोज एसटीने फिरते मी. आठवड्यात फुटेल हा लॅपटॉप!"

मग त्यांनी लॅपटॉप निळीत घालून ती टेकवली. आवाजच आला नाही. तिच्या तळाशी जाड गादी होती. ताईंनी पट्टा खांद्यावर टाकला. "हीच द्या!"

दाराबाहेर पडताना निळी वळून म्हणाली, "येते हं, चामडीबाई! दुसरं गिऱ्हाईक येतंय, तेवढा कागद भरून घ्या."