झिपरूचा दोर आणि विमानाची वाट

एका गावात एक भोळा मोजणीवाला होता. नाव झिपरू. शेत मोजावं तर त्यानेच. पण सांगितलं तेवढंच डोक्यात शिरायचं, आणि शिरलं की निघायचं नाही.

झिपरूचा जीव जडला यमुनेवर. तिचे वडील नथूअण्णा जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. ते म्हणाले, "गावच्या माळावरच्या विमानतळापासून डोंगरापल्याडच्या विमानतळापर्यंत किती अंतर, ते मोजून आण. माझ्या बुडाखालून किती वाट जाणार, ते मला कळायला नको? मोजलंस तर यमुना तुझी."

झिपरू दोर घेऊन सडकेने निघाला. पाच दिवसांनी आला.

"अण्णा, घाटात सोळा वळणं आहेत. सगळी मोजली."

"अरे, विमान घाटातून जातं का? नाकासमोर जा!"

झिपरू नाकासमोर गेला. दुसऱ्याच दिवशी ओलाचिंब परत आला.

"अण्णा, वाटेत पाटलांचं न्हाणीघर लागलं. आत पाटलीणकाकू होत्या. मी नाक समोरच ठेवलं. काकूंनी बादली ओतली, वर तांब्याही मारला."

"गाढवा! मध्ये येईल ते ओलांडून वरून जायचं, विमानासारखं!"

झिपरू वरून गेला. गोठे ओलांडले, घरं ओलांडली, देवळाचा कळससुद्धा सोडला नाही. कौलं फुटली, शिव्या बसल्या, पण पठ्ठ्या पोचला. चार हजार तीन दोर भरले. एसटीने परत आला. अण्णांच्या ओसरीवर त्यांची तान्ही नात चटईवर झोपली होती. झिपरूने तिलाही ओलांडलं.

अण्णा ओरडले, "अरे, पोरीची उंची खुंटेल! जे ओलांडलं ते उलटं ओलांडायचं असतं, एवढंही ठाऊक नाही?"

झिपरूने मान डोलावली. नातीला उलटं ओलांडलं आणि तडक एसटी पकडून डोंगरापल्याड गेला. तिथून कळस, घरं, गोठे उलटे ओलांडत आला.

"अण्णा, जाताना चार हजार तीन दोर. ते सगळे उलटे ओलांडले. अंतर शून्य."

अण्णांनी कपाळाला हात लावला. यमुना मात्र दाराआडून खो खो हसली. "अण्णा, हा एकदा सांगितलेलं ऐकतो. तुम्हाला शंभरदा सांगूनही तुम्ही चपला दाराबाहेर काढत नाही. मला हाच नवरा हवा."

अण्णांचं कुणापुढेही चालेल, पण लेकीपुढे नाही. लग्न लागलं. वरात झिपरूच्या दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. यमुनेने ते उजव्या पायाने लवंडलं आणि लाजत उंबरा ओलांडून आत आली. झिपरूला इतका आनंद झाला की डोळे भरले. तेवढ्यात त्याला आठवलं.

"यमुने, आता उलटा ओलांड."

"काय?"

"उंबरा. जे ओलांडलं ते उलटं ओलांडायचं. अण्णांनीच सांगितलंय."

यमुनेने कपाळाला हात लावला, अगदी अण्णांसारखा. मग तिने उंबरा उलटा ओलांडला आणि नाकासमोर निघाली, ती थेट माहेरी.

मागोमाग झिपरू दोर टाकत आला. ओसरीवर उभा राहून घाम पुसत म्हणाला, "मोजलं, अण्णा. लग्न शून्य."