हौसाबाईची भोकांची कढई

एका गावात एक बाई राहायची. तिच्या स्वयंपाकघरातली एकही वस्तू आपल्या मूळ कामावर नव्हती.

तिचं नाव हौसाबाई. गाव तिला आक्का म्हणायचं. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या गाडीवानांना ती रांधून वाढायची आणि त्यावर तिचं पोट चालायचं. नवी भांडी घ्यायची तिची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला गरजही नव्हती. जुन्या बाजारातून, लोकांच्या परसातून ती टाकलेलं उचलून आणायची. फुटक्या कंदिलाचं टोपण उलटं करून तिनं नरसाळं केलं होतं. मोडक्या छत्रीच्या काड्यांवर ती वांगी भाजायची. तेलाच्या डब्याचा पत्रा खिळ्यानं टोचून किसणी झाली होती, आणि मोडलेल्या पाळण्याच्या दांडीचं लाटणं. त्या लाटण्याखाली पोळी कधी फाटली नाही.

सगळ्यांत नामी होती ती तिची कढई. बूड झिजलेली एक मोठी पितळी कढई कोणीतरी उकिरड्यावर फेकली होती. हौसाबाईनं तिच्या बुडाला भोकं पाडली. तीही वेडीवाकडी नव्हेत. रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी मांडून, मधोमध कमळ दिसेल अशी. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ही कढई ठेवायची, आत अळूचे उंडे रचायचे, वर झाकण. खालून वाफ आली की वड्या अशा उकडायच्या की खाणाऱ्यानं नाव काढावं. सणावाराला ती कढई घरोघर फिरायची. भांडं परत देताना रिकामं देऊ नये ही गावाची रीत, म्हणून कढई घरी यायची ती चार वड्या घेऊनच.

त्याच गावात नारोशेटचं भांड्यांचं दुकान होतं. हौसाबाईचं बघून बायका शिकल्या. जुनं टाकेनात, नवं घेईनात. शेटवर दुकानात बसून माशा मारायची पाळी आली. अशा वेळी माणसानं माल चांगला आणावा, भाव उतरवावा. नारोशेटनं यातलं काही केलं नाही. त्यानं देवाला मधे ओढलं.

दिवाळीच्या तोंडावर तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणू लागला, "फुटकं घरात, अवदसा दारात! पुराणात लिहिलंय." कुठल्या पुराणात, एवढं विचारायला गावातल्या एकाचीही जीभ उचलली नाही. त्याच आठवड्यात एकाची म्हैस आटली आणि दुसऱ्याचं पोर तापलं. म्हशी दरवर्षी आटतात आणि पोरं दरवर्षी तापतात. पण या वर्षी लोकांना कारण सापडलं, आणि कारण सापडलं की माणसं विचार करायची थांबतात.

बायका हौसाबाईच्या दारात जमल्या. सगळ्यांच्या पुढे होती शेजारची अनसूया.

"आक्का, तुमचं हे भंगार गावाबाहेर जाऊ द्या. न्हाईतर तुमच्या हातचं कुणी खानार न्हाई. गाडीवानांनाबी आम्ही तसंच सांगू."

"अगं, तुझ्या पोरीच्या बारशाच्या वड्या ह्याच कढईत उकडल्या की. तवा ही अवदसा कुठं गेलीती?"

अनसूया खाली बघू लागली. पण खाली बघत बघतच तिनं कढई उचलली.

नरसाळं गेलं, काड्या गेल्या, किसणी गेली, लाटणं गेलं. बायकांनी सगळं नेऊन उकिरड्यावर ओतलं आणि भीतीपोटी आपापल्या घरातली जुनी भांडीही त्यात टाकली. एवढा पितळेचा ढीग पाहून नारोशेटनं गाडी पाठवली. "गावाची पीडा मी माझ्या खर्चानं लांब नेऊन टाकतो," तो म्हणाला. लोकांनी त्याचा जयजयकार केला. मला त्या शेटचा राग येतोच, पण त्या जयजयकाराचा त्याहून जास्त येतो.

दिवाळीत नारोशेटचं दुकान नव्याकोऱ्या भांड्यांनी लखलखलं. ज्यानं त्यानं घेतली. हौसाबाईकडे मात्र एक पातेलं आणि दोन हात उरले. भंगार गेलं, आता तरी लोक जेवायला येतील असं तिला वाटलं होतं. कोणी आलं नाही. अवदसेची बाई म्हणून गाडीवान तिच्या दारावरून पुढे जाऊ लागले. तिची चूल दोन दोन दिवस पेटेनाशी झाली. शेजारून फोडणीचा वास यायचा, पण वाटीभर कालवण घेऊन कोणी यायचं नाही.

पुढे देवीच्या उत्सवाचं गावजेवण आलं. नारोशेटनं देवळाला मोठी पितळी कढई अर्पण केली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहेच. शेटनं काठावर ठळक अक्षरांत कोरून घेतलं होतं: 'नारोशेट यांजकडून देवीचरणी.' देवीचं नाव लहान होतं आणि शेटचं मोठं.

हौसाबाईला कोणी स्वयंपाकाकडे फिरकू दिलं नाही. ती लांब, पाण्याच्या हौदापाशी बसली होती. पुऱ्या तळायला अनसूया होती. चुलाण धडाडून पेटलं होतं. तेल तापलं, एक घाणा निघाला, दुसरा निघाला. पंगत बसली होती आणि शेट स्वतः फिरून कढईवरचं आपलं नाव लोकांना दाखवत होता.

तिसरा घाणा पडला आणि कढईच्या बुडातून तेलाची धार लागली. एक, मग दुसरी, मग दहा. तेल विस्तवात पडलं आणि जाळ माणसाच्या उंचीएवढा उसळला. अनसूयेच्या पदरानं पेट घेतला.

लोक ओरडले. काही पळाले. शेट तर सगळ्यांच्या आधी पळाला. हौसाबाईनं हौदाजवळ पडलेलं तांदळाचं रिकामं पोतं पाण्यात बुचकळलं आणि धावत जाऊन अनसूयेला त्यात गुंडाळून बाहेर ओढलं. अनसूयेचा हात भाजला, पण जीव वाचला. आपल्या चुलीवर जिनं पाणी ओतलं, तिच्या अंगावरची आग हौसाबाईनं विझवली. त्या क्षणी तिच्या मनात हिशोब आला नाही. तो गावाच्या मनात यायला हवा होता.

जाळ निवल्यावर माणसांनी बांबूनं कढई बाहेर ओढून पालथी केली. बुडाला भोकं होती. वेडीवाकडी नव्हेत. ठिपके मांडावेत तशी, मधोमध कमळ. भोकं कथील ओतून बुजवली होती आणि वरून झिलई दिली होती. तापल्यावर कथील वितळून गळून पडलं होतं.

त्या कमळावर उकडलेल्या वड्या गावातल्या प्रत्येकानं खाल्ल्या होत्या. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

शेटला धरून आणलं, तर तो वरच्या पट्टीत म्हणाला, "जुनी कढई म्हणता? डोळे फुटले का तुमचे? माझं नाव आहे तिच्यावर!"

हौसाबाई पहिल्यांदाच गावासमोर मोठ्यानं बोलली. "नाव तुमचंच हाय, शेट. भोकं माझी हायती."

मग बायका घरोघर धावल्या आणि दिवाळीत घेतलेली भांडी घेऊन आल्या. विस्तवावर धरली तर एका भांड्याचा कान गळाला, दुसऱ्याच्या बुडाचं ठिगळ सुटलं. पीडा लांब नेणारी गाडी तालुक्याच्या कारागिराकडे गेली होती आणि सगळी भोकं-ठिगळं झिलईखाली झाकून परत आली होती. ज्यानं त्यानं आपलंच टाकलेलं भांडं पैसे मोजून परत घेतलं होतं. पाळण्याच्या दांडीचं लाटणंसुद्धा हिरवा रंग लावून नवं म्हणून विकलेलं निघालं. ते घेतलं होतं अनसूयेनं.

पंचांनी दुकानाला कुलूप घातलं. शेट गाव सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी बायका कढई घेऊन हौसाबाईच्या दारात आल्या. अनसूयेच्या हाताला पट्टी होती. तिनं कढई पुढे केली. "आक्का, तुमची कढई."

हौसाबाईनं हात पुढे केला नाही. "रिकामी आनलीस? गावाची रीतबी उकिरड्यावर टाकली व्हय? माझ्या घरातनं जे जे उचललं, ते ह्यात भरून आना. मग बघू."

बायका परतल्या. शेटच्या वखारीतून, एकमेकींच्या घरांतून शोधून आणलं. नरसाळं आलं, काड्या आल्या, किसणी आली, हिरवं लाटणं आलं. वर अनसूयेनं पदराखालून आणलेलं पीठ ओतलं. मग सगळ्याजणी ओट्यावर बसून विटकरीनं आणि राखेनं कढईवरचं शेटचं नाव घासू लागल्या. पितळ झिजलं, हात सोलवटले. नाव निघालं नाही. खोल कोरलेलं होतं.

"ऱ्हाऊ द्या ते," हौसाबाई म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

पुढे प्रत्येक सणाला ती कढई पुन्हा घरोघर फिरली. ज्या घरी जाई तिथली पोरं काठावरचं नाव वाचून विचारत, "आई, हा नारोशेट कोण गं?" आणि आईला सगळी गोष्ट सांगावी लागे. शेटनं काय केलं ते सांगून भागत नसे. उकिरड्यापर्यंत कढई कोणी वाहून नेली, तेही सांगावं लागे.

तात्पर्य: लबाड एकटा काही करू शकत नाही, त्याच्यामागे मुकाट चालणारेही त्याच्या पापाचे वाटेकरी असतात. भोक पडलेलं भांडं कामाला लावता येतं, पण काही न विचारता डोलणारं डोकं कशालाच लावता येत नाही.