बधिर बोटातला तीव्र स्वर

भाविकहो, भानगीर महाराजांचा मुक्काम त्या काळी कवठसांगवीत होता. गाव नदीच्या अलीकडे, किल्ला पलीकडच्या टेकडीवर. महाराजांनी धुनी पेटवली ती मात्र गावाबाहेर, बोरूच्या बनापाशी. तिकडे कोणी फिरकत नसे, कारण त्या बनात सटवा बुरूड राहत होता आणि सटवाला महारोग जडला होता. बायको माहेरी गेली ती परतली नाही. गावाने त्याच्या टोपल्या घेणे सोडले. महाराज आपल्या भाकरीतली अर्धी भाकरी रोज त्याला देत. हातावर देत, जमिनीवर टाकून नव्हे!

सटवाच्या शेजारच्या झोपडीत यूसुफ नावाचा म्हातारा गोलंदाज पडून असे. तो मूळचा दूर तुर्कस्तानचा. तुर्कांना तेव्हा रूमी म्हणत, म्हणून लोक त्याला रूमीबाबा म्हणत. तोफांच्या धुराने त्याची छाती खाल्ली आणि किल्ल्याने त्याला खाली पाठवून दिले. त्याच्याजवळ त्याच्या देशाची बोरूची बासरी होती. तिला तो नेय म्हणे. ती आडवी धरीत नाहीत. तिरपी उभी धरून तिच्या काठावर ओठ टेकवून फुंकतात. ती तडकली तेव्हा सटवाने नऊ पेरांचा बोरू निवडून तशीच दुसरी करून दिली. म्हाताऱ्याला आता फुंकवत नव्हते. त्याने सटवालाच शिकवायला घेतले.

वर्षभरात साधे स्वर आले. तीव्र स्वर काही केल्या येईनात. त्यासाठी छिद्रावरचे बोट पुरते उचलायचे नसते, अर्धेच उचलायचे असते. किती उचलले हे डोळ्यांना दिसत नाही. खालून निसटणाऱ्या वाऱ्यावरून बोटालाच ते कळावे लागते. आणि सटवाचे उजवे मधले बोट नेमके बधिर होते. "मान जरा वर कर," यूसुफ सांगे. मान उचलली की स्वर थोडा चढे, पण जागेवर पोचण्याआधीच फाटे.

एके दिवशी दिवेलागणीला महाराजांनी सटवाला धुनीपाशी बसवून वाजवायला सांगितले. त्या दिवशी किल्लेदाराच्या पदरचे गवई त्र्यंबकबुवा दर्शनाला आले होते. बुवांचा गळा मोठा तयारीचा, आणि गर्व त्याहून मोठा. सटवाचा स्वर जागा चुकला तसे ते हसले. त्यांनी चिमट्याने धुनीतला निखारा उचलला आणि सटवाच्या त्या बोटाला लावला. सटवा वाजवीतच राहिला! कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कुठे त्याने खाली पाहिले.

"पाहिलंत महाराज?" बुवा म्हणाले. "ज्या बोटाला विस्तव कळत नाही, त्याला स्वर काय कळणार!"

महाराजांनी आपली छाटी फाडली आणि सटवाचे बोट बांधले. मग एवढेच म्हणाले, "बुवा, आता तुम्ही जा."

आठव्या दिवशी यूसुफला घरघर लागली. किल्लेदाराला जुनी चाकरी आठवली असावी. त्याने बुवांना म्हाताऱ्याच्या उशाशी गायला धाडले. बुवा गात राहिले. यूसुफने भिंतीकडे तोंड फिरवले. "हे नको," तो म्हणाला. "माझ्या आईचं गाणं हवं. सटवाला येतं ते. एक स्वर सोडून सगळं येतं. पण तो स्वर नसला, तर ते माझं गाव नाही."

सटवा धावत महाराजांकडे आला. "म्हाराज, रोग ऱ्हाऊ द्या. ह्या एका बोटात तेवढा जीव घाला."

महाराजांनी त्याच्या बांधलेल्या बोटाकडे पाहिले. मग म्हणाले, "सटवा, निम्मा जीव देता येत नाही. जीव आला की दुखणंही येईल, आणि ते जन्मभर राहील. सोसशील?"

"सोसंन."

महाराज त्याचा हात धरून झोपडीत आले. त्यांनी चिंधी सोडली आणि ते बोट आपल्या मुठीत घेतले. क्षणभर काहीच झाले नाही. मग सटवाने अशी किंकाळी फोडली की बुवा भिंतीला जाऊन टेकले. आठ दिवसांचे भाजणे त्या बोटाला आत्ता कळले होते!

"वाजव, लेका," यूसुफ पुटपुटला.

सटवाने उघडी जखम छिद्रावर टेकवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गाणे त्या जागेवर आले. बोट अर्धे उचलले गेले, सोललेल्या मांसावरून फुंकरीचा वारा गेला, आणि तीव्र स्वर लागला. फाटला नाही, ढळला नाही. केसाचाही फरक नव्हता. हे बुवांच्याच कानांनी ओळखले. यूसुफचे ओठ हलले. त्याने कुठल्याशा गावाचे नाव घेतले. स्वर तिसऱ्यांदा लागला तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. सटवाने तरीही गाणे शेवटपर्यंत नेले, आणि मग बासरी खाली ठेवून तो मुलासारखा रडला.

बुवांनी महाराजांचे पाय धरले. महाराज मागे सरले. "मी काय भोगलं, बुवा? ज्याने भोगलं तो तिथे बसला आहे."

"शिवू नका, बुवा," सटवा हात आखडून म्हणाला. "मला रोग हाय."

पण बुवांनी त्याच्या झडलेल्या पायांवर कपाळ टेकवले होते. "रोगी मी आहे रे," ते म्हणत होते. "माझ्या कानांना स्वर कळला, माणूस कळला नाही."

प्रेताला खांदा द्यायला गावातून कोणी आले नाही. परक्या देशाचा मुसलमान, आणि महारोग्याच्या शेजारचा! दर्ग्यातला एक फकीर आला, महाराज उभे राहिले, सटवा उभा राहिला. चौथा खांदा रिकामा होता. त्र्यंबकबुवांनी अंगावरची शाल काढून यूसुफवर पांघरली आणि सटवाच्या खांद्याला खांदा लावून ते उभे राहिले. मग चौघे नदीकाठाने चालू लागले.