म्हशीचा इलाज

जनावरं बोलत हुती तवाची गोष्ट. एका काटकुळ्या शेळीनं चारा टाकला. अंगात थरथर, थानातलं दूध आटलेलं, अन् दोन करडं भुकंनं वरडत हुती.

म्हैस म्हणाली, “शेळे, डबक्यात बस माझ्यावानी. मला त्येनंच बरं वाटतं.”

शेळी बापडी गळ्याइतक्या पाण्यात बसली. दुपारपातुर तिची दातखीळ बसली.

म्हातारा बैल पाण्यावर आला, ते बघून भडकलाच. “म्हशे, अक्कल चरायला गेलीया व्हय तुझी? तुझं अंग कफाचं, जड. हिचं वाताचं, सुकं अन् गार. हिला ऊब पायजे.”

त्यानं शेळीला ढकलत उन्हातल्या खडकावर नेलं, बाभळीच्या शेंगा चारल्या. चार दिसांत थान भरलं, करडं शेपट्या हलवत लुचाय लागली.

म्हैस फुगली. “मंग खडकच झ्याक,” म्हणत ती बी वर जाऊन बसली, अन् घटकाभरात तोंडाला फेस आणून डबक्याकडं पळाली. शेळी हसून हसून लोळली.

पाण्यातनं म्हैस म्हणाली, “दात काय काढतीस, भवाने? करडं घिऊन काठावर ये, गप्पा मारू. आत ये म्हणणार न्हाई.”