निवृत्तीअण्णांचा पुतळा

एका गावाला फुटबॉलचं भारी वेड. गावाचा एक संघ होता आणि संघाला एक मालक होता. ओळीनं काही सामने हरल्यावर मालकाचं डोकं फिरलं. त्यानं संघ मोडला, मैदानाला कुलूप घातलं आणि गोलचे खांबसुद्धा उपटून नेले. गाव हळहळलं आणि गप घरी गेलं.

निवृत्ती मोरबाळे तेवढे गप बसले नाहीत. ते लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला होते. पाळी संपली की दारोदार फिरू लागले. "आपला संघ, आपला संघ म्हणतो आपण. मग तो आपल्याच नावावर नको का?" असं प्रत्येकाला विचारू लागले. लोक आधी हसले, मग त्यांना पटलं. ज्याला जमेल ते त्यानं दिलं. ओढ्याकाठची पडीक जमीन सगळ्यांनी मिळून घेतली, दगड वेचले, मैदान केलं. निवृत्तीअण्णांनी नियम एकच घातला. कुणी थोडं देवो, कुणी जास्त. सभेत एका घराचा एकच हात वर होणार.

पुढं आसपासच्या गावांतले बुडत चाललेले संघही अण्णांना बोलावू लागले. सुट्टीच्या दिवशी अण्णा कायम एसटीत बसलेले. घर ओढलं ते त्यांच्या बायकोनं, तानूबाईनं. लेकीच्या बारशालाही हा माणूस कुठल्याशा गावी लोकांना मालकी समजावत बसला होता. "त्या चेंडूशीच लगीन लावून घ्यायचं होतं," असं तानूबाई फणकाऱ्यानं म्हणायची, आणि ताट वाढून ठेवायची. अशाच एका गावाहून अण्णा तापानं फणफणत परतले, ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

वर्ष झालं. मैदानावर अण्णांच्या स्मरणाची सभा भरली. फोटोला हार घातला. तानूबाईला व्यासपीठावर मानाच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे म्हणून आले होते माणिकशेट, गुळाचे मोठे अडते.

शेटजी बोलायला उठले. "अण्णांसारखा माणूस पुन्हा होणे नाही," ते म्हणाले. "त्यांचा ब्राँझचा पुतळा मी इथं उभा करणार. बसायला गॅलरी बांधणार. आणि मैदानाला अण्णांचं नाव देणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तानूबाईचे डोळे भरून आले. ज्या माणसानं आयुष्यभर गावासाठी चपला झिजवल्या, त्याला कुणीतरी काहीतरी देत होतं. तिला पुतळा डोळ्यांसमोर दिसू लागला. येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडं मान वर करून बघतील, लेक आपल्या पोरांना दाखवील. तिनं पदर सावरला.

टाळ्या थांबल्यावर शेटजी हळूच म्हणाले, "आता संघ आणि मैदान तेवढं माझ्या नावावर करून द्या, म्हणजे कारभार सोपा होईल. तुम्ही फक्त यायचं आणि टाळ्या वाजवायच्या. डोक्याला ताप माझ्या."

संघाचे चिटणीस बाजीराव घाईघाईनं शाल घेऊन पुढं आले. "आजच्या दिवशी हात वर करायची भानगड नको," ते म्हणाले. "वैनींनी शाल घेतली, की अख्ख्या गावाचा होकार झाला."

शाल तानूबाईच्या खांद्यावर अर्धी पडली होती. तिनं समोर बघितलं. ज्यांच्या दारात अण्णा उन्हातान्हात उभे राहिले होते, ती सगळी माणसं तिथं होती. कुणी चपलेशी खेळत होतं, कुणी फोटोकडं बघत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. तानूबाईच्या संतापाचा भडका उडाला. तिनं शाल ओढून काढली आणि खुर्चीवर टाकली.

"अख्ख्या गावाचा होकार मी कोण देणार?" ती कडाडली. "मी एका घराची. माझा हात एक. आणि तो तुमच्या बाजूनं वर व्हायचा न्हाई!"

बाजीराव गडबडले. "अवो वैनी, अण्णांचा पुतळा होतोय..."

"पुतळ्याला तोंड नसतंय, म्हणून पायजे तुमास्नी! जित्या माणसानं हे होऊ दिलं असतं काय? त्याच्याच फोटोला हार घालता, आणि त्याच्याच म्होरं त्यानं केलेलं विकता? जनाची न्हाई तर मनाची तरी धरा!"

तेवढ्यात संघाचा कर्णधार इलाही उठला. बिचारा चाचरतच बोलला, "काकी, पोरांचे बूट फाटल्यात. शेटजी नवे देणार हैत."

तानूबाई त्याच्याकडं वळली. पोराच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तिचा आवाज थोडा उतरला. "दिले तर घे, बाबा. आभार मान. पण बुटांच्या बदल्यात पाय काढून देतंय व्हय कुणी?"

इलाही चिटणिसांकडं वळला आणि म्हणाला, "बाजीराव, नियमानं हात मोजा."

शेटजींच्या बाजूनंही काही हात वर झाले, बाजीरावांचा त्यांत पहिला. पण विरोधातले हात जास्त भरले. बरेचसे उशिरा वर झाले, शेजाऱ्याचा झाल्यावर. तानूबाई ते बघत होती आणि तिचा राग काही केल्या उतरत नव्हता.

माणिकशेट निघून गेले. पुतळा झाला नाही, गॅलरी झाली नाही. पोरं त्या साली फाटक्या बुटांनी खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली. "घ्या आता, बसा हात वर करून," असं बाजीराव चार लोकांत म्हणत राहिले. पण हरल्यावर मैदानाला कुलूप लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं तिथंच सरावाला उतरली.

अण्णांच्या स्मरणाची रीत तानूबाईनं पार बदलून टाकली. हार बंद, भाषण बंद, शाल तर बंदच. त्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातल्या एकानं फावडं घेऊन यायचं, मैदान सारखं करायचं, आणि मग संघाच्या कारभारावर सभा बसायची. जे येत नसत त्यांच्या दारात तानूबाई स्वतः जाऊन उभी राहायची. कमरेवर हात ठेवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "काय मालक, झोपलाय व्हय? उठा!"

तात्पर्य: ज्यानं सगळ्यांसाठी उभं केलं, त्याचं काम एकट्याच्या घशात घालून वर त्याचाच पुतळा उभारणं ही आठवण नव्हे, ती लबाडी आहे, आणि ती होत असताना गप बसणाराही त्या लबाडीत भागीदार असतो.